राजूरची रात्रीची वाट

अंगारकीच्या आदल्या दिवशीं, म्हणजे सोमवारीं, जालना शहरांत दिवेलागणीनंतर एक निराळीच हालचाल सुरू होते. घरोघरीं जेवणें लवकर आटोपतात, आणि ज्या माणसांना एरवीं कोपऱ्यावरून भाजी आणावयाची तरी मोटारसायकल लागते, तीं माणसें खांद्याला एक पिशवी अडकवून उत्तरेच्या रस्त्याला लागतात. कोणी चार मित्रांसह असतो, कोणी सासू, जाऊ आणि शेजारीण यांना घेऊन निघालेली असते. कोणी एकटाच, कोणाशीं न बोलतां, मनाशीं कांहीं ठरवून चाललेला असतो. कॉलेजांतील मुलांचा एखादा घोळका हसत-खिदळत सर्वांना मागें टाकून जातो, आणि पुष्कळदां तोच घोळका पुढें दहाव्या-बाराव्या किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बूट काढून बसलेला आढळतो. या सर्वांस जावयाचें असतें राजूरला, गणपतीच्या दर्शनास.

अंतर फारसें नाहीं, असें ऐकणारास वाटेल. जालन्यापासून राजूर सुमारें २५ किलोमीटर. जुन्या हिशेबानें सोळा मैल किंवा आठ कोस. मोटारीनें पाऊण तासाचा रस्ता. शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या कुणब्याला आठ कोस चालणें ही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट वाटली नसती. बाजाराच्या दिवशीं तो तितकें चालतच असे, आणि वर डोक्यावर ओझेंही असे. परंतु दिवसभर गादीवर अगर खुर्चीवर बसणाऱ्या, महिन्याकाठीं एकदांही सलग तासभर न चालणाऱ्या माणसानें हें अंतर एका रात्रींत तोडणें ही खरीखुरी परीक्षा आहे. ती छातीची कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांना वाटेवर, आणि तीही उशिरां, कळते.

राजूर हें भोकरदन तालुक्यांतील गांव. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा होईपर्यंत तें औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. गांवांतील टेकडीवर गणपतीचें स्थान आहे. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडांत वरेण्य नांवाच्या राजाची कथा आहे. विलक्षण रूपामुळें जन्मतांच टाकून दिलेल्या आपल्या पुत्राचें माहात्म्य त्याला उशिरां कळलें, आणि सिंदुरासुराच्या वधानंतर त्या पुत्रानें, म्हणजे गजाननानें, पित्यास जो उपदेश केला तो गणेशगीता या नांवानें प्रसिद्ध आहे. हा उपदेश राजूर येथें झाला अशी परंपरेची श्रद्धा आहे. मोरगांव, चिंचवड आणि राजूर हीं तीन पूर्ण व पद्मालय हें अर्धें, अशीं गणपतीचीं साडेतीन पीठें मानण्याची पद्धतिही त्याच परंपरेंतली. कथेची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. वाटसरूच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट एवढीच कीं, स्थान टेकडीवर आहे, आणि सारी रात्र चालून आलेल्या पायांना अखेरीस चढ चढावयाचा असतो.

विसाव्या शतकाच्या तोंडावर निजाम राज्यांतील गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली आणि जालन्यास आगगाडी आली. राजूर मात्र रुळांपासून दूरच राहिलें. त्यामुळें मोटारी सुरू होईपर्यंत राजूरला जाणें म्हणजे बैलगाडीनें किंवा पायीं जाणें, याला तिसरा मार्ग नव्हता. आतां रस्ता डांबरी आहे, एस. टी. आहे, घरोघरीं वाहनें आहेत. पूर्वीं जें निरुपाय म्हणून चालणें होतें तें आतां निवडून, ठरवून केलेलें चालणें झालें आहे. सक्तीनें चालणारा माणूस रोज थोडथोडा तयार होत असे. ठरवून चालणारा माणूस सळ्यांच्या कारखान्याच्या कचेरींतून, बियाण्यांच्या दुकानांतून, वर्गांतून अगर स्वयंपाकघरांतून उठतो, आणि त्याच रात्रीं रस्त्यावर उभा राहतो.

पंढरीच्या वारीशीं या वाटेची तुलना सहज सुचते, पण ती एका बाबतींत फसवी आहे. आळंदीहून निघालेली पालखी दोन-अडीच आठवडे चालते. पहिल्या तीन-चार मुक्कामांत पाय कुरकुरतात, फोड येतात, बसतात. मग कातडी राठ होते, स्नायु सरावतात, आणि वारकरी दुसऱ्या आठवड्यांत पहिल्यापेक्षां अधिक सहजपणें चालतो. वाटच त्याला चालावयास शिकविते. राजूरची वाट कोणाला कांहीं शिकवावयास थांबत नाहीं. पाय सरावण्याच्या आंतच रात्र संपते. म्हणून जी तयारी करावयाची ती घरून निघण्यापूर्वींच झालेली असावी लागते.

ही रात्र वर्षांतून किती वेळां येते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. वद्य चतुर्थी मंगळवारीं आली म्हणजे ती अंगारकी. अंगारक म्हणजे मंगळ. भूमीचा पुत्र जो भौम, त्याच्या तपानें प्रसन्न होऊन गणपतीनें त्या दिवसाला त्याचें नांव दिलें, असें पुराण सांगतें. संकष्टीचा दिवस ठरवितांना पंचांगकर्ते सूर्योदयाची तिथि पाहत नाहींत. चंद्रोदयाच्या वेळीं चतुर्थी असली पाहिजे, हा त्यांचा नियम. एका संकष्टीपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. त्यांतून चार आठवड्यांचे अठ्ठावीस दिवस वजा केले कीं दीड दिवस उरतो, म्हणून संकष्टीचा वार दर महिन्यास एका किंवा दोन दिवसांनीं पुढें सरकतो. सोमवारावरून तो दोन दिवस सरकला तर मंगळवार मधल्यामधें गळून पडतो. २०२४ सालीं असेंच झालें: २९ जानेवारीची संकष्टी सोमवारीं आली आणि २८ फेब्रुवारीची एकदम बुधवारीं. सरासरीनें वर्षास पावणेदोन अंगारक्या पडतात. पण सरासरी ही चालणाऱ्याच्या उपयोगाची नव्हे. २०२१ सालीं २ मार्च, २७ जुलै आणि २३ नोव्हेंबर अशा तीन आल्या. १० जानेवारी २०२३ नंतरची पुढली अंगारकी २५ जून २०२४ ला उजाडली, म्हणजे मध्यें साडेसतरा महिने गेले. त्यानंतरची १२ ऑगस्ट २०२५ ची. शिवाय २०२१ च्या तिघींपैकीं जुलैची अंगारकी साथीच्या निर्बंधांत सांपडली. राज्यांतील देवळें त्या वर्षीं ७ ऑक्टोबरला उघडलीं.

या गणितांत चालणाऱ्यास दोन गोष्टी हातीं लागतात. पहिली ही कीं, या वाटेचा ऋतु ठरलेला नाहीं. एक अंगारकी थंडीची, दुसरी ऐन पावसाळ्याची, तिसरी वळवाच्या उकाड्याची. गेल्या वेळचा अनुभव या वेळीं उपयोगीं पडेलच असें नाहीं. दुसरी गोष्ट अधिक आनंदाची आहे. सोमवारची रात्र ही पौर्णिमेनंतरची दुसरी-तिसरी रात्र असते. त्या रात्रीं चंद्राचें बिंब नऊ-दशांशाहून अधिक उजळलेलें असतें, आणि संकष्टीच्या चंद्रोदयापेक्षां तें साधारण पाऊण तास आधीं उगवतें. म्हणजे जेवून, आवरून, नऊच्या सुमारास जो माणूस शहराच्या बाहेर पडतो त्याला पूर्वेस चंद्र वर आलेला दिसतो, आणि तो चंद्र उजाडेपर्यंत मावळत नाहीं. ज्यांनीं ही चाल पाडली त्यांच्याजवळ विजेऱ्या नव्हत्या. मुद्दाम योजून पाडली कीं आपोआप पडली हें कोणास सांगतां यावयाचें नाहीं, पण आठ कोसांच्या रात्रीच्या प्रवासाला महिन्यांतून एखादी रात्र निवडा असें ज्योतिष्यास सांगितलें असतें, तर त्यानें याच्या एक-दोन दिवस अलीकडचीच काय ती निवडली असती.

रस्ता अगदीं सरळ नसला तरी त्याचा एकंदर रोख उत्तरेचा आहे. त्यामुळें आकाश हें या वाटेवर घड्याळासारखें उपयोगीं पडतें. आरंभीं चंद्र उजव्या हाताला असतो. दोन-अडीच वाजतां तो माथ्यावर येतो. हिवाळ्यांत अगदीं डोक्यावर, आणि पावसाळ्याच्या दिवसांत बराच दक्षिणेकडे कलून, म्हणजे पाठीमागें, असा कीं चालणाराची सांवली त्याच्या पुढें-पुढें चालते. पहाटे तो डाव्या हाताला उतरतो. ध्रुव मात्र सारी रात्र समोर असतो. विषुववृत्तापासून राजूर सुमारें वीस अंश उत्तरेस आहे, आणि ध्रुवही तेथें क्षितिजापासून तितकाच वर दिसतो. हात लांब करून एक वीत मोजली तर ती त्याच्या किंचित् पलीकडे जाईल इतका खालीं. शहराच्या दिव्यांत वाढलेल्या पुष्कळ माणसांनीं तो पहिल्यानें या वाटेवर पाहिलेला असतो. श्रावण-भाद्रपदांतल्या अंगारकीला ढगांमुळें यांतलें कांहींच दिसत नाहीं आणि विजेरीवर भिस्त ठेवावी लागते, ही त्याची दुसरी बाजू.

आतां चालण्याचाच विचार करूं. मध्यम उंचीच्या माणसाचें पाऊल सरासरी सत्तर सेंटिमीटर धरलें तर पंचवीस किलोमीटरांस पस्तीस हजारांहून अधिक पावलें पडतात. प्रत्येक पावलास शरीर ताठ पायावरून कमानीसारखें वर जातें आणि पुढें झुकून खालीं येतें. उलट्या लंबकाची ही गति आहे. वर जातांना जी शक्ति सांठते ती खालीं येतांना परत मिळते, आणि माणूस आपल्या स्वाभाविक चालीनें चालत असेल तर या देवघेवींत जवळजवळ दोन-तृतीयांश शक्ति वांचते. चाल फार वाढविली किंवा फार मंदावली कीं हा हिशेब बिघडतो, स्नायूंना स्वतः अधिक काम करावें लागतें, आणि त्याच अंतराला अधिक खर्च येतो. म्हणून दुसऱ्याच्या चालीनें चालणें हा या वाटेवरचा सर्वांत महाग शौक होय. उंच भावाबरोबर पाय ओढीत चालणारी बहीण आणि आजीसाठीं सारखा थबकणारा नातू हीं दोघेंही स्वतःच्या चालीनें चालणारापेक्षां लवकर थकतात. जाणतीं माणसें आरंभींच पुढला थांबा ठरवितात, तेथवर ज्याच्या-त्याच्या चालीनें जातात, आणि थांब्यावर एकमेकांची वाट पाहतात.

ताशीं चार-साडेचार किलोमीटरांची चाल बहुतेकांस झेपते. त्या हिशेबानें चालण्यास सहा तास आणि विसाव्यांस दीड-दोन तास धरावे. साठ किलो वजनाच्या माणसाचे एवढ्या अंतराला सुमारें बाराशे उष्मांक खर्च होतात. बैठें काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या आहाराचा हा अर्ध्याहून मोठा भाग झाला. रस्ता सपाट आहे अशी समजूत करून घेऊं नये. जालन्याचें पाणी कुंडलिकेंतून दुधनेला मिळतें, भोकरदनकडचें पूर्णेला. या दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा ओलांडून जावयाचें असल्यामुळें वाटेस चढउतार आहेत. मोटारींतून ते जाणवत नाहींत. रात्रीं दोन वाजतां पोटऱ्यांना मात्र चांगले जाणवतात.

पायांच्या फोडांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण या वाटेवरून गाडींत बसून परतणाऱ्यांपैकीं पुष्कळजण दमले म्हणून नव्हे तर फोडांनीं हैराण झाले म्हणून परततात. कातडी वरून घासली गेल्यानें फोड येतो असा समज आहे. तो पुरता खरा नाहीं. पाऊल टेकतांना तळव्याची वरची कातडी वहाणेला किंवा मोज्याला धरून राहते आणि आंतलें हाड पुढें सरकतें. या ओढाताणींत कातडीचे थर एकमेकांवर ताणले जातात, आणि हजारों वेळां असें झाल्यावर ते आंतल्या आंत सुटतात. त्या पोकळींत पाणी भरतें तोच फोड. ओलसर कातडी कोरडीपेक्षां अधिक चिकटून धरते, म्हणून घाम आणि पावसाचें पाणी हे फोडाचे खरे मित्र. यावरून उपाय आपोआप सुचतात. नवी पादत्राणें घालून निघूं नये; ज्यांत पाय पूर्वीं दोन-चार तास सुखानें राहिला असेल तींच बरीं. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवींत असावा आणि अर्ध्या वाटेवर पाय पुसून बदलावा. एखादी जागा चुरचुरूं लागली कीं तेथें लगेच चिकटपट्टी लावावी. पुढल्या थांब्यापर्यंत कळ काढली तर तोंवर तिचा फोड झालेला असतो. आलेल्या फोडाची वरची कातडी काढूं नये, तीच त्याची उत्तम पट्टी.

कित्येकजण नवसामुळें अनवाणी चालतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा-त्याचा. परंतु अनवाणी चालण्याची ज्याला रोजची संवय आहे त्याचा तळवा आणि घरांतही सपाता घालणाऱ्याचा तळवा या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि डांबरावर विखुरलेली बारीक खडी दोघांना सारखेपणानें वागवीत नाहीं. रात्रीं डांबर निवालेलें असतें हें खरें. पण उशिरां निघालेल्या माणसास ऊन वर आल्यावर तेंच डांबर हवेहून कितीतरी अधिक तापलेलें मिळतें. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदां कमी झालेली असते. त्यांना जखम झाल्याचें कळतही नाहीं आणि ती लवकर भरूनही येत नाहीं. अशा माणसानें अनवाणी चालणें हें धाडस नव्हे, अविचार आहे; आणि देवाला दिलेलें वचन मोडलें असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं टेकडीच्या पायथ्याशीं वहाणा काढून वर जावें.

उपवास आणि चालणें यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हाही नेहमीचा प्रश्न. सोमवारच्या रात्रीं जेवून निघणाराची अडचण होत नाहीं. यकृतांत आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपानें जी साखर सांठलेली असते ती, आणि शरीरांतील चरबी, मिळून एवढ्या वाटेला पुरते. वाटेंत मिळणारे फराळाचे पदार्थही चालणाऱ्यास सोयीचेच: केळें लवकर पचतें, साबुदाण्याच्या खिचडींत पिष्ट, मीठ आणि शेंगदाण्याचा स्निग्धांश हीं तिन्ही असतात, राजगिऱ्याचा लाडू पिशवींत खराब होत नाहीं. खिचडी मात्र बेतानें खावी. भरल्या पोटानें चढ चढवत नाहीं. पाणी तहानेच्या मानानें, थोडें-थोडें आणि वारंवार प्यावें. भीतीपोटीं लोटाभर पाणी सारखें ढोसणेंही चांगलें नव्हे, कारण त्यानें रक्तांतील क्षार विरळ होतात व मळमळ, डोकेदुखी अशीं लक्षणें दिसूं लागतात. माणसाला वाटतें पाणी कमी पडलें, आणि तो आणखी पितो. इन्सुलिन अगर साखर उतरविणारीं औषधें घेणारांनीं वैद्यास विचारल्याशिवाय उपाशी चालूं नये.

मध्यरात्रीपर्यंत सर्व सुरळीत असतें. रस्त्यावर गर्दी असते, बोलणें चाललेलें असतें. ठिकठिकाणीं गांवकऱ्यांनीं आणि मंडळांनीं मांडव घातलेले असतात. कोणी चहा देतो, कोणी केळीं वांटतो, कोणी आग्रहानें हातावर खिचडीचा द्रोण ठेवतो. या लोकांना या कामाचे कांहीं मिळत नाहीं. आपल्या गांवच्या रस्त्यावरून जाणारा पायी माणूस उपाशी जाऊं नये, एवढाच त्यांचा हिशेब असतो. (या मांडवांवरील ध्वनिक्षेपक थोडे हळू लागतील तर घडीभर डोळा मिटूं पाहणारांचे दुवे त्यांना मिळतील, आणि रिकामे द्रोण व पेले शेजारच्या शेतांत जाणार नाहींत तर शेतकऱ्यांचे.)

खरी वेळ येते ती तीननंतर. माणसाच्या शरीराला स्वतःचें घड्याळ असतें. पहाटेच्या तीन ते पांचच्या सुमारास शरीराची उष्णता दिवसांतील सर्वांत खालच्या पातळीला जाते, झोपेची ओढ सर्वांत जास्त असते, आणि मन मंदावतें. चालणाराच्या बाबतींत याच वेळेला अठरा-वीस किलोमीटर संपलेले असतात. बोलणें बंद पडतें. पाऊल आणि पाऊल यांखेरीज कशाचा आवाज येत नाहीं. अंतर उरतें थोडें, पण तें कमी होत नाहींसें वाटतें. जो माणूस दोन तासांपूर्वीं सर्वांना हंसवीत होता तो क्षुल्लक कारणावरून बायकोवर खेंकसतो. हा स्वभावाचा दोष नव्हे, वेळेचा आहे, हें आधीं ठाऊक असलें तर पुष्कळ भांडणें टळतात. या वेळीं लांब विसांवा घेतला तर स्नायु निवून आंखडतात आणि पुन्हां उठणें जिवावर येतें. पांच-सात मिनिटें बसावें, अंगावर कांहीं ऊबदार घ्यावें, तोंडांत गुळाचा खडा टाकावा आणि उठावें. तास-दीड तासानें पूर्वेकडे तांबडें फुटतें, आणि अंगांत कांहीं नवें शिरल्याप्रमाणें तींच माणसें पुन्हां बोलूं लागतात. उजेडाचा डोळ्यांवाटें मेंदूवर होणारा परिणाम हें त्याचें शास्त्रीय कारण. अनुभव घेणारास तें कारण पुरेसें वाटत नाहीं, हा भाग वेगळा.

याच दोन तासांत संकटही जवळ असतें. पेंगुळलेला माणूस कडा सोडून रस्त्याच्या मध्यावर येतो, आणि मोटार हांकणाराही त्याच वेळेला पेंगुळलेला असूं शकतो. मोठ्या गर्दीच्या वेळीं पोलीस जड वाहनें दुसऱ्या रस्त्यानें वळवितात. तरी सर्व वाहनें बंद होत नाहींत. समोरून येणारें वाहन दिसावें म्हणून उजव्या कडेनें चालावें, अंगावर पांढरें वस्त्र किंवा चकाकणारी पट्टी असावी, आणि कानांत गाण्याच्या नळ्या घालून चालूं नये.

दुसरें संकट अधिक सूक्ष्म आहे. छातींत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणें, न थांबणारी चक्कर, थंड घाम, अशीं लक्षणें दिसत असतांही माणूस चालत राहतो, कारण त्यानें कोणासाठीं तरी कांहीं बोललेलें असतें. मुलाची परीक्षा, सुनेचें बाळंतपण, वडिलांचें आजारपण. येथें थांबलों तर तें फळणार नाहीं, ही भीति त्याला पुढें ढकलते. परदेशांतील नुसत्या हौशी चालण्यांतही ही ओढ दिसते. हॉलंडांतील नाइमेखन येथें १९०९ पासून चार दिवसांची पदयात्रा भरते. रोज तीस ते पन्नास किलोमीटर चालावयाचे असतात आणि चौथ्या दिवशीं पदक मिळतें. २००६ च्या जुलैंत कडक उन्हाळा असतांना पहिल्याच दिवशीं दोन चालणारे मृत्यु पावले आणि पुढले सर्व दिवस रद्द करण्यांत आले. तेथें रद्द करणारी समिति होती. इंग्लंडांत १९७२ सालीं निघालेल्या लांब चालणाऱ्यांच्या संघाकडून दर वर्षीं अठ्ठेचाळीस तासांत शंभर मैल चालण्याचा एक कार्यक्रम होतो. त्यांतही टप्प्या-टप्प्यावर नोंद करणारीं माणसें असतात, आणि एखादा गळला तर तो कोठें गळला हें त्यांना समजतें. राजूरच्या वाटेवर नांव लिहून घेणारा कोणी नाहीं, पदक नाहीं, वेळेची मर्यादा नाहीं. हें या वाटेचें मोठें सुख आहे. येथें पहिला कोणी येत नाहीं आणि शेवटचाही नाहीं. पण त्याचमुळें थांब असें अधिकारानें सांगणाराही कोणी नसतो, आणि तें काम बरोबरच्या माणसाला करावें लागतें. म्हणून एकट्यानें जाऊं नये, आणि बरोबर असा एक तरी असावा ज्याचें म्हणणें आपण ऐकतों. पंधराव्या किलोमीटरवर गाडींत बसून पुढें गेलेला माणूस दर्शनास मुकत नाहीं. मांडवांतील जुन्या म्हाताऱ्या तर अशाला सरळ सांगतात, बाबा, तुझी वारी इथंच पोंचली, आतां बस गाडींत.

उजाडतां-उजाडतां टेकडी दिसूं लागते. शेवटला मैल लोक निराळ्याच चालीनें चालतात; लंगडणारे लंगडत असतात, पण थांबत कोणी नाहीं. वर रांग असते, आणि ती लहान नसते. रात्रभर चाललेल्या पायांना चालण्यापेक्षां उभें राहणें कठीण जातें, कारण चालतांना पोटऱ्यांचे स्नायु आंवळून-सुटून रक्त वर चढवितात, आणि उभें राहिल्यावर तें काम थांबून रक्त पायांत सांचतें. रांगेंत घेरी येते ती बहुधा यामुळें. टांचा वर-खालीं करीत राहिल्यास ती टळते. दर्शन होतें तें क्षणभराचें. मागचा माणूस पुढें सरकवीत असतो, आणि सारी रात्र जें बोलावयाचें म्हणून योजलेलें असतें तें पुष्कळदां बाहेर आल्यावर आठवतें.

परतीला जादा गाड्या असतात, आणि त्यांत बसल्या-बसल्या बहुतेकांना झोप लागते. ज्या रस्त्याला रात्र लागली तो पाऊण तासांत उलटा सरकून जातो. दिवस झोपेंत आणि उपवासांत जातो. रात्रीं नऊच्या पुढें-मागें चंद्र उगवतो. आदल्या रात्रीं वाटभर बरोबर असलेला तोच, किंचित् झिजलेला. त्याला अर्घ्य दिल्यावांचून उपास सुटत नाहीं, म्हणून चालून आलेला माणूस घरच्यांबरोबर गच्चीवर जातो. चढतांना त्याला फारसा त्रास होत नाहीं. मांडीचे स्नायु ताणले जात असतांना भार झेलतात तेव्हां त्यांचे बारीक तंतु दुखावतात. चढण्यापेक्षां उतरतांना हें अधिक घडतें, आणि तें दुखणें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कळसास पोंचतें. ताटें वाढलेलीं असतात, खालून हांका येत असतात, आणि तो कठडा धरून, एकेक पायरी आडवें पाऊल टाकीत खालीं येत असतो.